घुबड दाखवायचे राहून गेले

पुणे, दि. 28 मे 2019

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिंहासनासाठी झगडणाऱ्या घराण्यांची काल्पनिक कथा सांगणाऱ्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या इंग्रजी मालिकेचा शेवटचा भाग आपल्याकडे सोमवारी, 20 मे रोजी सकाळी साडेसहाला दाखवला गेला. त्यानंतर आपल्या वाचकांच्या पत्रांतून या शेवटाविषयी जे लिहून आले, त्याचे सरळ दोन गट पडतात. एका गटाचे म्हणणे असे, की निर्मात्यांनी आठ वर्षे सोबत करणाऱ्या प्रेक्षकांना फसवले. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे, की देशात निवडणुकीचा निकाल लागत असताना सुशिक्षित माणसांनी परक्या मुलखातल्या काल्पनिक राणीसाठी इतके हळहळावे, हेच मुळात हास्यास्पद आहे. मला या दोन्ही गटांशी थोडे भांडायचे आहे, आणि या सगळ्या वादात जी एक गोष्ट कोणी नीट मांडली नाही असे मला वाटते, ती मांडायची आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. काटछाट करणे भाग पडले तर ती शेवटून न करता सुरुवातीपासून करावी, ही विनंती. ज्यांनी मालिकेचा शेवट अजून पाहिलेला नाही, त्यांनी पुढचे वाचू नये.

दुसऱ्या गटाला उत्तर देणे सोपे आहे. महाभारतातला कोणता श्लोक मूळचा आणि कोणता मागाहून शिरलेला, हे ठरवण्यासाठी याच गावात, भांडारकर संस्थेत, 1919 पासून 1966 पर्यंत विद्वान मंडळी हस्तलिखिते पडताळत बसली होती, आणि व्यासांचा लेखनिक झालेल्या गणपतीची सर्वांची लाडकी कथासुद्धा संहितेतून उचलून परिशिष्टात ठेवताना त्यांचा हात कचरला नाही. जिथे एका कथेच्या पाठासाठी सत्तेचाळीस वर्षे दिली गेली, तिथे एका कथेच्या शेवटासाठी आठ दिवस गेले तर कोणाचे काही बिघडले असे मला वाटत नाही. कर्णाची बाजू घेणारे आणि न घेणारे एका पंगतीला बसले म्हणजे आमटी निवते, हे आपल्याकडच्या कित्येक घरांनी पाहिलेले आहे.

सत्तरीला टेकलेल्या बाईने ड्रॅगनांविषयी लिहावे याचे आपल्याला नवल वाटेल, म्हणून स्वतःविषयी दोन वाक्ये लिहिते. मी एकतीस वर्षे महाविद्यालयात संस्कृत शिकवले. 2017 च्या पावसाळ्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन दीड महिना घरात बसणे आले, तेव्हा नातवाने “आजी, पहिले तीन भाग बघ, नाही आवडले तर बंद करू” असे म्हणून ही मालिका लावून दिली. काही प्रसंग आले की तो पाणी प्यायला उठत असे आणि मी विणकामात डोके घालत असे. त्याविषयी आम्ही दोघेही कधी एक शब्द बोललो नाही. बाकी सगळ्याविषयी मात्र आम्ही पुष्कळ बोललो. पुढे कळले, की सकाळी तळजाई टेकडीवर फिरायला जाणाऱ्या आमच्या सहाजणांच्या गटातही आणखी तिघे गुपचूप हीच मालिका पाहत होते. त्या सोमवारी टेकडीवर फक्त दोघे पोहोचले आणि बाकीच्यांना काय झाले या काळजीने त्यांनी चौघांच्याही घरी फोन केले.

आता मूळ मुद्दा. भांडण शेवटच्या भागाच्या नावाने चालले असले तरी त्याचे मूळ त्याआधीच्या, म्हणजे आठव्या पर्वाच्या पाचव्या भागात आहे. डेनेरिस टारगेरियन ही निर्वासित राजकन्या सात पर्वे गुलामांना मुक्त करत आपल्या वाडवडिलांच्या सिंहासनाकडे निघालेली आहे. राजधानीवर ती उरलेल्या एकुलत्या एका ड्रॅगनवर बसून चालून जाते, शत्रूची गलबते आणि तटबंदी जाळते, शहराचे सैनिक तलवारी खाली टाकतात, आणि शरणागतीच्या घंटा वाजू लागतात. या घंटा वाजल्या की हल्ला थांबवा, असे तिच्या प्रधानाने, टिरियनने, तिला आदल्या दिवशी विनवलेले असते. ती घंटा ऐकते आणि त्यानंतर गल्लीगल्लीतून पळणाऱ्या बायकामुलांसह सगळे शहर जाळून टाकते. पुढच्या भागात जॉन स्नो, म्हणजे तिचा प्रियकर आणि नात्याने भाचा, तिला मिठीत घेऊन ठार मारतो. राणीने असे करावे का, हा पहिला प्रश्न; आणि लेखकांनी तिला असे करायला लावावे का, हा दुसरा. आपल्या वाचकांच्या पत्रांत या दोन प्रश्नांची सर्रास सरमिसळ झालेली आहे.

लेखकांची बाजू घेणारे जुने पुरावे काढतात, आणि ते खोटे नाहीत. पहिल्या पर्वात सख्ख्या भावाच्या डोक्यावर वितळलेले सोने ओतले जात असताना ही मुलगी पापणी न हलवता पाहत राहते. दुसऱ्या पर्वात कार्थ नगराच्या वेशीवर अडवल्यावर, माझे ड्रॅगन मोठे झाले की आम्ही शहरे बेचिराख करू, असे ती साफ बजावते. मीरीन या शहरातल्या गुलामांच्या मालकांनी 163 गुलाम मुलांना वाटेत खांबांवर खिळलेले असते, म्हणून चौथ्या पर्वात ती मोजून 163 मालकांना तसेच खिळवते, आणि त्यांतला कोण दोषी व कोण निर्दोष याची चौकशी करत नाही. सातव्या पर्वात गुडघे टेकायला नकार देणाऱ्या टार्ली बापलेकांना ती जिवंत जाळते. या प्रत्येक प्रसंगी प्रेक्षक खूश होते. मी स्वतः मीरीनच्या वेळी नातवाला “बरे झाले” असे म्हटल्याचे मला स्वच्छ आठवते, आणि त्याने ते गेल्या आठवड्यात मला ऐकवलेही. शेवटच्या भागात कैदेतला टिरियन जॉनला हेच सांगतो, की ती दुष्टांना मारत गेली आणि आपण तिचा जयजयकार करत गेलो. विचार उत्तम आहे. पण तो शहर जळून गेल्यानंतर येतो, म्हणजे उत्तरपत्रिका दिल्यावर विद्यार्थ्याने परत येऊन पुरवणी जोडू द्या म्हणावे, तशातला तो प्रकार झाला.

विरुद्ध बाजूचे उत्तर आमच्या गटातल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी दिले. ते म्हणाले, की तिने आजवर ज्यांना मारले ते तिला आडवे आलेले होते; जे आडवे आले नाहीत अशांना तिने कधी हात लावला नाही, उलट त्यांच्यासाठी ती मीरीनमध्ये राज्य करत थांबली. चार हप्ते चुकवणारा माणूस पुढे दरोडा घालेलच असे कोणती बँक गृहीत धरते, असा त्यांचा सवाल होता. मला हा युक्तिवाद बिनतोड वाटला. कठोर शिक्षा देण्याचा स्वभाव आणि निरपराध्यांची कत्तल या दोहोंमध्ये एक पायरी आहे. माणसे ती पायरी उतरतात, इतिहासात अनेकदा उतरली आहेत, त्यामुळे डेनेरिसने ती उतरणे अशक्य होते असे मी म्हणणार नाही. ती पायरी उतरताना ती आम्हाला दिसली नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

हे काय दिसायला हवे होते ते सांगण्यासाठी मला महाभारताच्या सौप्तिकपर्वाकडे जावे लागते. दुर्योधनाची मांडी फुटलेली आहे, युद्ध संपलेले आहे, कौरवांकडचे तिघे उरलेले आहेत. रात्री एका वडाखाली कृपाचार्य आणि कृतवर्मा थकून झोपी जातात. अश्वत्थाम्याला झोप येत नाही. शस्त्र खाली ठेवलेल्या आपल्या बापाला धृष्टद्युम्नाने मारले, हे त्याच्या मनातून जात नाही. वडावर हजारो कावळे निजलेले आहेत. तेवढ्यात एक घुबड आवाज न करता येते आणि त्या निजलेल्या कावळ्यांना एकेक करून मारत सुटते. अश्वत्थामा ते पाहतो, आणि या पक्ष्याने आपल्याला उपदेश केला असे त्याला वाटते. मग तो दोघांना उठवतो. कृपाचार्य त्याला परोपरीने समजावतात, आज झोप, धृतराष्ट्र, गांधारी, विदुर यांना विचारू, उद्या उजेडात लढू, असे सांगतात. तो ऐकत नाही. छावणीच्या दाराशी एक महाभयंकर भूत त्याची वाट अडवते, त्याची सगळी शस्त्रे निष्फळ होतात, तेव्हा तो शंकराला शरण जाऊन अग्नीत स्वतःची आहुती द्यायला निघतो. एवढे सगळे झाल्यावर मग कत्तल सुरू होते. झोपलेल्या पोरांना मारणाऱ्या त्या माणसाची आपल्याला शिसारी येते, पण हा माणूस असे करणार नाही असे एकाही वाचकाच्या मनात येत नाही, कारण त्याच्या मनात ते कसे उगवले आणि थांबण्याच्या किती संधी त्याने लाथाडल्या, हे व्यासांनी एकेक करून दाखवलेले आहे.

मालिकेतले घुबड कोणते? असे विचारले की मला पाचव्या भागाच्या सुरुवातीची दृश्ये दाखवली जातात, आणि ती मी विसरलेले नाही. तिच्या जवळचा सरदार जोराह तिसऱ्या भागात मेला. चौथ्यात दुसरा ड्रॅगन मारला गेला आणि जिवलग मैत्रीण मिसांडेईचा तिच्या डोळ्यांदेखत शिरच्छेद झाला. तिचा सल्लागार व्हॅरिस याने दगा दिला. जॉनने तिला झिडकारले, तेव्हा मला इथे प्रेम मिळणार नाही, मग भीतीच असू दे, अशा अर्थाचे वाक्य ती शेकोटीपाशी बोलते. इथवर सगळे बरोबर आहे आणि अभिनयही फार उत्तम आहे. पण भीतीने राज्य करायचे ठरवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने घंटा वाजणे याचा अर्थ भीतीने आपले काम केले असाच होतो. शहर भ्यालेले आहे, शरण आलेले आहे, सिंहासन समोर आहे. ज्या कारणासाठी जाळायचे, ते कारण नेमके त्या क्षणी संपलेले आहे. म्हणजे शेकोटीपाशी जे पेरले ते घंटांपाशी उगवत नाही, तिथे दुसरेच काहीतरी उगवते, आणि त्या दुसऱ्याचे बीज कुठे आहे ते आम्हाला सांगितले गेले नाही. आम्हाला दिसतो तो तटावर बसलेल्या राणीचा थरथरता चेहरा, तोही काही क्षण, आणि मग ड्रॅगन झेपावतो. त्यानंतर त्या संपूर्ण भागात तिचा चेहरा पुन्हा दिसत नाही. कॅमेरा खाली रस्त्यावर उतरतो, राख आणि आरडाओरडा यांत फिरतो, आणि ज्या व्यक्तीने हे केले तिच्याकडे पुन्हा वळून पाहत नाही. सामान्य माणसाच्या नजरेतून युद्ध दाखवायचे हा विचार चांगला आहे, पण त्याची किंमत म्हणून कथेतल्या मुख्य प्रश्नाकडे पाठ फिरवली गेली.

भागानंतर दाखवल्या गेलेल्या मुलाखतीत लेखकद्वयाने खुलासा केला, की आपल्या पूर्वजांनी बांधलेला तो राजवाडा समोर दिसला आणि राणीने सगळे मनाला लावून घेतले. प्रयोग संपल्यावर नाटककाराने पडद्यापुढे येऊन तिसऱ्या अंकाचा अर्थ सांगावा तसे हे झाले. शिवाय, जसे नातवाने लगेच म्हटले, राग राजवाड्याचा असेल तर तिने सरळ राजवाड्यावर जावे, वाटेतली वस्ती का जाळावी? या प्रश्नाला टेकडीवर कोणाकडेच उत्तर नव्हते.

जुना काव्यशास्त्रकार आनंदवर्धन याने ‘ध्वन्यालोका’त एक ओळ लिहिली आहे, जी मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहीत आले: ‘अनौचित्यादृते नान्यद् रसभङ्गस्य कारणम्।’ अनौचित्यावाचून रसभंगाला दुसरे कारण नाही. औचित्य म्हणजे सभ्यपणा असा अर्थ मुले दरवर्षी करत आणि मी दरवर्षी खोडत असे. त्या पात्राने, त्या प्रसंगी, त्या कारणाने तसे वागणे जुळणे म्हणजे औचित्य. पात्र वाईट वागले म्हणून रसभंग होत नाही. आपल्याला धक्का बसला म्हणूनही होत नाही. उलट भरताने नाट्यशास्त्रात शेवटच्या, निर्वहण संधीत अद्भुत रस असावा असे सांगून ठेवले आहे. शेवट अनपेक्षित हवा, पण त्या अनपेक्षिताची मुळे पहिल्या अंकात सापडायला हवीत, असा दोन्हींचा मिळून अर्थ होतो. जॉनबरोबर वाढलेल्या आर्याने मृतांच्या फौजेच्या राजाला, नाइट किंगला, मारले त्यावरही पुष्कळ ओरड झाली, ती मला याच कारणाने पटली नाही. एका हातातून सुरी सोडून दुसऱ्या हाताने झेलण्याचा तिचा डाव सातव्या पर्वात ब्रिएन या लढवय्या स्त्रीबरोबरच्या सरावात आपण पाहिलेला होता. जॉनने मारायला हवे होते हे म्हणणे म्हणजे आपला नायक आपण ठरवून ठेवला होता, एवढेच.

याच कसोटीवर मला सर्वांत मोठा दोष जेमी लॅनिस्टरच्या बाबतीत दिसतो, आणि गंमत म्हणजे त्यावर आपल्या पत्रलेखकांपैकी कोणी फारसे लिहिले नाही. तो उत्तरेतल्या विंटरफेल किल्ल्यात ब्रिएनला रडत ठेवून आपल्या दुष्ट बहिणीकडे, राजधानीत राज्य करणाऱ्या सर्सीकडे, परत जातो आणि तिच्यासोबत राजवाड्याच्या दगडांखाली मरतो. यावर नातू इतका चिडला की त्याने रिमोट सोफ्यावर आपटला. माझी सून मात्र शांतपणे म्हणाली, “आई, माणसे परत जातात. सात वर्षे सुधारलेला माणूस एका निरोपावर परत गेलेला मी माझ्या कामात दर महिन्याला बघते.” ती व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे, तेव्हा तिच्यापुढे आम्ही दोघे गप्प बसलो. जेमीचे परत जाणे मी मान्य करते. पण पाचव्या भागात टिरियन त्याला शहरातल्या निरपराध लोकांखातर काहीतरी कर म्हणून विनवतो, तेव्हा त्या लोकांची, निरपराध असोत की नसोत, आपल्याला कधी फारशी पर्वा नव्हती असे जेमी म्हणतो. तिसऱ्या पर्वात हॅरनहॉलच्या स्नानगृहात याच माणसाने ब्रिएनला जे सांगितले होते, ते आठवावे. वेड्या राजाने सगळ्या शहराखाली स्फोटक द्रव पेरून ठेवले होते, ते शहर वाचवण्यासाठी जेमीने आपली शपथ मोडून राजाला मारले आणि जन्मभर राजहंता म्हणून थुंकी झेलली. त्या एका कबुलीवर हे पात्र उभे आहे. आत्मतिरस्कारातून माणूस स्वतःविषयी खोटे बोलतो, असा बचाव सुनेने केला आणि ब्रिएनला सोडताना तो तसेच बोललाही होता. पण मग समोर बसलेल्या टिरियनने, जो बुद्धिमान म्हणून प्रसिद्ध आहे, त्याला तिथेच अडवायला नको होते काय? वाक्य हवेत सुटते आणि तसेच राहते. राणीच्या बाबतीत काहीतरी दाखवायचे राहिले. जेमीच्या बाबतीत दाखवलेले पुसले गेले. दुसरा दोष मला अधिक मोठा वाटतो.

जॉनबरोबर वाढलेल्या ब्रॅनला शेवटी राजा करण्याविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण तिथे फार खोल जाण्यासारखे काही नाही. उत्तम कथेहून बलवान जगात काही नाही आणि ब्रॅनहून चांगली कथा कोणाची आहे, असे टिरियन सरदारांच्या सभेत सांगतो. पण पाचव्या पर्वात लेखकांनी याच ब्रॅनला एकाही भागात घेतले नव्हते, तेव्हा त्यांना स्वतःला ही कथा इतकी महत्त्वाची वाटत होती असे दिसत नाही. सातव्या पर्वात मी कशाचाच अधिपती होऊ शकत नाही असे सांगणारा हा मुलगा शेवटी, मी इथवर कशासाठी आलो असे तुम्हाला वाटते, असे विचारतो. तर मग शहर जळणार हे त्याला ठाऊक होते का, या प्रश्नाकडे कोणी फिरकतही नाही. उत्तरेला स्वतंत्र राज्य मिळते तेव्हा शेजारी बसलेली बेटांची राणी यारा गप्प का राहते, हा आमच्या गटातल्या दंतवैद्यांचा प्रश्नही रास्त आहे. सहाव्या पर्वात तिने डेनेरिसशी करारच मुळी आपल्या बेटांच्या स्वातंत्र्याचा केला होता.

त्याच सभेतला एक प्रसंग मात्र मला संपूर्ण आठव्या पर्वात सर्वांत खरा वाटला. जॉनचा भाबडा मित्र सॅमवेल उठून सुचवतो, की राजा निवडायचाच तर सगळ्या प्रजेने मिळून का निवडू नये? त्यावर सारे सरदार खदखदून हसतात. मग कुत्र्यांनाही मत द्या, असे एकजण म्हणतो. हा भाग दिसला त्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे सातव्या टप्प्याचे मतदान संपले होते, सुमारे 90 कोटी मतदारांच्या देशात रात्रभर मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे चालले होते, आणि सकाळी चहाचा कप हातात धरून आम्ही ते हसणे पाहत होतो. आमच्या घरात कोणीच हसले नाही. त्या सरदारांना त्या जागी हसूच येणार, दुसरे काही येणे शक्य नाही, आणि लेखकांनी इथे आपल्या काळातल्या प्रेक्षकाला खूश करण्याचा मोह टाळला. यालाच मी वर औचित्य म्हटले. देशात निवडणुकीचा निकाल लागत असताना हे कसले खूळ, असे लिहिणाऱ्या पत्रलेखकांनी हा एक प्रसंग तरी पाहावा.

घाई झाली, पहिली सहा पर्वे प्रत्येकी दहा भागांची आणि शेवटची दोन सात व सहा भागांची, हे सर्वांनी लिहिले आहे आणि ते खरेच आहे. मात्र भाग वाढवले असते तर दोष गेले असते, असे मला वाटत नाही. घुबडाचा प्रसंग व्यासांनी थोड्याच श्लोकांत संपवला आहे. चौथ्या भागात मेजवानीच्या टेबलावर विसरलेला कॉफीचा पेला तर मी दोषांत धरतच नाही. शाकुंतलाच्या एका प्रयोगात आमच्या कण्वमुनींच्या मनगटावर घड्याळ होते आणि चौथा अंक तरीही सर्वांना रडवून गेला.

आता पहिल्या गटाशी भांडण. आठवे पर्व दुसऱ्या, सक्षम लेखकांकडून पुन्हा लिहवून घ्यावे, अशा मागणीच्या अर्जावर आजवर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या आहेत आणि आपल्याही काही वाचकांनी त्याला पाठिंबा दिला आहे. नातवाने सही केली होती. मी केली नाही. ज्या आनंदवर्धनाची ओळ मी वर दिली, त्यानेच त्याच ग्रंथात हेही म्हटले आहे, की या अपार काव्यसंसारात कवी हाच एकटा प्रजापती. त्याला रुचेल तसे हे विश्व फिरते. दोष दाखवण्याचा आपला अधिकार मी वर भरपूर वापरला आहे. पण कथा परत करून बदलून मागण्याचा अधिकार त्यातून निघत नाही.

ज्याला शेवट पटत नाही त्याने काय करावे, याचे उदाहरण आपल्याकडे बाराशे वर्षांपूर्वी घडून गेले आहे. वाल्मीकींच्या कथेत सीता शेवटी धरणीच्या पोटात जाते. भवभूतीला ते सोसले नाही. त्याने ‘उत्तररामचरित’ लिहिले, सात अंकांचे, आणि सातव्या अंकात गंगेच्या काठी खुद्द वाल्मीकींकडूनच रामासमोर एक नाटक करवले. नाटकातले दुःख पाहून राम मूर्च्छित पडतो आणि जागा होतो तो सीतेच्या स्पर्शाने. म्हणजे मूळ शेवटाचे दुःख त्याने लपवले नाही, ते नाटकातल्या नाटकात ठेवले आणि त्याच्या पलीकडे आपला शेवट उभा केला. वाल्मीकींचे रामायण जिथे होते तिथेच राहिले. गेली बाराशे वर्षे दोन्ही वाचली जातात, आणि कोणता शेवट खरा यावर माझ्या वर्गात दरवर्षी एक तास तरी भांडण होत असे, ज्यात मी मुद्दाम कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने बोलत असे.

नातवाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “आजी, मग मी फक्त तो मधला सीन लिहितो, बाकी सगळे तसेच ठेवतो.” गेले तीन दिवस तो लिहितो आहे. राणी तटावर बसली आहे, घंटा वाजताहेत, आणि खालच्या चौकात तिला काहीतरी दिसते, इथवर तो आला आहे. काय दिसते, यावर तो अडला आहे. पहिल्या मसुद्यात कोणीतरी तिच्यावर दगड भिरकावतो असे होते. ते सुनेने खोडले, कारण मग पुन्हा ती आडवे आलेल्यालाच मारते असे होईल. दुसऱ्या मसुद्यात लोक सर्सीच्या नावाने जयघोष करत होते. तो मी खोडला, कारण शरण आलेल्या शहरात असा घोष होणार नाही. सध्या तिसरा मसुदा चालू आहे, त्यात लोक तिच्याकडे पाहतच नाहीत, नजर खाली घालून उभे राहतात. मला हा बरा वाटतो, पण मी अजून तसे बोललेले नाही.

ज्या कादंबऱ्यांवरून ही मालिका निघाली, त्यांचा पाचवा भाग 2011 मध्ये आला आणि त्यानंतर सहाव्याची वाट पाहणे चालू आहे. त्या कादंबऱ्यांची रचना अशी आहे, की प्रत्येक प्रकरण कोणा एका पात्राच्या मनातून सांगितले जाते, आणि ज्यांच्या मनातून सांगितले जाते त्यांत डेनेरिस आहे. लेखकाने तिला शेवटी त्याच तटावर आणून बसवले आणि ते प्रकरण तिच्याच नावाचे असले, तर घंटा वाजत असताना तिला काय दिसले ते त्याला लिहावेच लागेल. ते प्रकरण ऐन वेळी दुसऱ्याच कोणाच्या नावाने काढून लेखक निसटेल, असे आमच्या बँकवाल्या गृहस्थांना वाटते. मला तसे वाटत नाही. तळजाईवर एका मिसळीची पैज लागली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त संस्कृत प्राध्यापिका
सहकारनगर, पुणे